भोगीच्या आदल्या दिवशी रोल काढला

भोगीच्या भाजीला वांगी, गाजर, मटार, घेवडा, पावटा, ओला हरभरा, बोरं, कांद्याची पात असं सगळं लागतं आणि लागतं ते पाव-पाव किलो. भाजी विभागात काम करणाऱ्याला याचा अर्थ एवढाच कळतो की एका गिऱ्हाइकामागे सात-आठ रोलच्या पिशव्या, म्हणजे गुंडाळीतून तोडून घ्यायच्या त्या पातळ प्लास्टिकच्या पिशव्या. वर्षातला कुठलाच दुसरा दिवस रोल एवढा खात नाही. आणि आमच्या दुकानात रोल बंद करायला नेमका तोच मुहूर्त लागला. ठरलं होतं एक जानेवारीला. ढकलत ढकलत बारा तारीख आली, जुना साठा संपला आणि मालक म्हणाले, आता नवा मागवू नका.

दुकान जुळे सोलापुरातलं, मध्यम आकाराचं सुपरमार्केट. दुसऱ्या दिवशी सिद्धेश्वराच्या यात्रेतला अक्षता सोहळा. नंदीध्वज, म्हणजे यात्रेतल्या मानाच्या काठ्या, निघाले की गावातले रस्ते बंद होतात, म्हणून लोक आदल्या दिवशीच बाजार उरकतात. सकाळी आठपासून रात्री दहापर्यंत भाजीचा काटा थांबत नाही.

काउंटरवरची कॅरीबॅग आम्ही आधीच बंद केली होती. ती सोपी. गिऱ्हाइकाला एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, की तिसऱ्या वेळी पिशवी येते. रोलकडे मात्र कुणी पिशवी म्हणून बघतच नाही. हँडल नाही, पैसे नाहीत, छापील नाव नाही. कित्येक दुकानदारांना अजून वाटतं की बंदी हँडलच्या पिशवीला आहे. राज्याची २३ मार्च २०१८ची अधिसूचना हँडल असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही पिशव्यांचं नाव घेते, आणि त्यात जाडीची सूट नाही. पहिल्या वेळी दंड पाच हजार, दुसऱ्या वेळी दहा, तिसऱ्या वेळी पंचवीस हजार आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. पिशवीच्या किमान जाडीचा, १२० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जो आकडा व्यापारी तोंडावर फेकतात, तो केंद्राच्या नियमातला, ३१ डिसेंबर २०२२ पासूनचा.

मायक्रॉन मोजायला यंत्र लागत नाही, मिठाईच्या दुकानातला छोटा काटा पुरतो. १० बाय १४ इंची साधी पिशवी खरोखर १२० मायक्रॉनची असेल तर तिचं वजन वीस ग्रॅमच्या आसपास भरतं. म्हणजे किलोत पन्नास. किलोत तीनशे बसत असतील तर ती वीस मायक्रॉनची, मग वर काहीही छापलेलं असू दे. आमच्या रोलची त्याच मापाची पिशवी दोन ग्रॅमसुद्धा भरत नव्हती. बारा मायक्रॉनही नाही. 'कापडी' म्हणून खपवल्या जाणाऱ्या नॉन-वोव्हनची परीक्षा काडेपेटीने होते. कोपऱ्याचा धागा पेटवा. कापूस जळून राख होतो आणि कागद जळल्याचा वास येतो. नॉन-वोव्हन वितळतं, आकसतं आणि टोकाला कडक मणी राहतो. ते पॉलिप्रोपिलीन आहे, आणि २०१८च्या यादीत तेही होतं.

रोलच्या जागी काय द्यायचं, यावर दोन महिने डोकं चालवलं होतं. सोलापुरात राहून पहिला विचार टॉवेलचाच येणार. सेकंडचे टॉवेल स्वस्तात मिळतात, शिवून घेतले की झालं. नमुना आला आणि कळलं की टॉवेलची पिशवी म्हणजे ओझं. चौरस मीटरला चारशे ग्रॅम भरणाऱ्या टॉवेलची छोटी पिशवी रिकामीच सत्तरेक ग्रॅम. कोथिंबिरीचं पाणी पिते ते वेगळं. गाजराचं टोक तिच्या फासांत अडकून धागा ओढतं, आणि लेबल तिच्यावर टिकत नाही. मग मांजरपाट घेतलं. शहराच्या पूर्व भागात शिवून घेतलेली १५ बाय १७ इंची पिशवी, बंदासकट साठ ग्रॅम. शिवताना दोन गोष्टी बजावून सांगाव्या लागतात. आतली कड उलट-सुलट शिलाईने बंद करायची, नाहीतर तिसऱ्या धुण्याला धागे सुटून मटाराच्या दाण्यांना गुंडाळतात. आणि बंद बावीस इंचांपेक्षा लांब नको, स्कूटरच्या हुकाला अडकवली की पिशवी फुटबोर्डवर घासते. पहिल्या खेपेच्या पिशव्या घासून खाली भोकं पडली होती.

तर बारा तारखेला आठ वाजता रोलचे स्टँड उचलले, जागी मांजरपाटाच्या पिशव्या टांगल्या, वीस रुपये, परत आणली तर वीस रुपये परत. साडेआठला काट्यावर गर्दी तुंबली.

अडचण पिशवीची नव्हतीच, लेबलची होती. रोलची पिशवी वस्तू धरते, एवढंच आम्ही धरून चाललो होतो. ती लेबलही धरते. काट्यातून निघणारं चिकट लेबल पिशवीच्या गाठीखाली डकवायचं, कॅशियरने स्कॅन करायचं, ही सगळी साखळी त्या पातळ प्लास्टिकवर उभी होती. वांग्यावर लेबल लावलं तर वांगं ओलं, लेबल पडतं. मांजरपाटावर लावलं तर दहा मिनिटांत कोपरे उचलतात. थर्मल लेबलला ओला हात लागला की अक्षरं पुसट होतात ते निराळंच. आणि लेबल गेलं की जिन्नस पुन्हा काट्यावर, म्हणजे बिलिंगच्या रांगेतला माणूस उलटा भाजीच्या रांगेत.

"ओ दादा, हे कुठं चिकटवू, कपाळावर?" एका अक्कांनी हातातली लेबलं दाखवत विचारलं. काट्यावरचा पोरगा हसला, पण रांग हसली नाही.

सगळ्या जिन्नसांचं मिळून एकच लेबल काढा, असं कुणीतरी सुचवलं. काट्यावर बेरजेची सोय असते, खरं आहे. पण आमच्या लेबलवरचा बारकोड तेरा अंकी. सुरुवात २ ने, मग जिन्नसाचा नंबर, मग पाच अंकांत किंमत किंवा वजन, शेवटी तपासाचा अंक. एका बारकोडात एकच जिन्नस बसतो. बेरजेचं लेबल काढलं तर पैसे बरोबर येतात, पण वांगी किती गेली आणि घेवडा किती, हे संगणकाला कळत नाही आणि दुसऱ्या दिवशीची मागणी अंदाजाने टाकावी लागते. भोगीच्या दिवशी अंदाज चुकला तर दुपारी दोनला पावटा संपतो.

उपाय रद्दीत होता. बिस्किटांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून प्रत्येक गिऱ्हाइकाला एक कार्ड द्यायचं आणि सगळी लेबलं त्या कार्डावर. आधी घाईत ४ बाय ६ इंची कापले. आमचं लेबल ५८ बाय ४० मिलिमीटरचं, त्यावर चारच बसली. पाचवं लेबल चौथ्यावर चढलं आणि स्कॅनर अडला. मग ५ बाय ७ इंची कापले. दोन उभ्या ओळी, प्रत्येकीत चार, बरोबर आठ.

आता भाजी कशात मोजायची? इथे टेअर, म्हणजे तागडीत आधीच असलेलं वजन शून्य धरायची काट्यावरची कळ, कामाला आलं, आणि या दिवसातली सगळ्यात उपयोगाची शिकवण तीच. गिऱ्हाइकाची रिकामी पिशवी काट्यावर ठेवायची, टेअर दाबायचं, शून्य आलं की गाजर टाकायचं, जिन्नसाचा नंबर, लेबल. पिशवी उचलायची नाही. पुन्हा टेअर. आता गाजरासकट पिशवी शून्य झाली, वर वांगी. लेबल. पुन्हा टेअर. असे आठ जिन्नस एकाच पिशवीत, प्रत्येकाचं निव्वळ वजन वेगळं, आणि पिशवीचे साठ ग्रॅम कुणाच्याच बोकांडी बसत नाहीत. मिठाईच्या खोक्याचं वजन मिठाईत धरतात म्हणून भांडणं होतात, तेच इथे कापडाचं झालं असतं. क्रम सांभाळावा लागतो. गाजर, वांगी तळाला, मग घेवडा-पावटा, मग मटार आणि हरभरा, वर पात. बोरं सगळ्यात शेवटी, नाहीतर त्यांचा रस वांग्यांना लागतो.

यात चूक कुठे होते तेही लगेच दिसलं. गिऱ्हाईक गेलं तरी टेअर तसंच राहिलं, आणि पुढच्याने पिशवी न ठेवता थेट तागडीत काकड्या ठेवल्या, की काटा मागच्या पिशवीचं वजन वजा करूनच दाखवतो. दुकानाचं नुकसान. तागडी रिकामी असताना आकड्यापुढे उणे चिन्ह दिसलं तर आधी टेअर काढायचं, ही सवय लागायला पोराला अर्धा तास लागला. दुसरी चूक उलटी, गिऱ्हाइकाच्या नुकसानीची. पिशवी ठेवली, टेअर विसरला. एका काकांना हरभऱ्याच्या भावात स्वतःचीच पिशवी विकली गेली. त्यांनी लेबल वाचलं म्हणून सापडलं.

वेळ जास्त लागेल अशी सगळ्यांची खात्री होती. तसं झालं नाही. रोलच्या पिशवीत जो वेळ जातो तो कुणी मोजत नाही. पिशवी तोडायची, तोंड सापडत नाही म्हणून चिमटीत चोळायची, शेवटी बोट जिभेला लावायचं, फुंकर मारायची, भरायची, गाठ मारायची. हे आठ वेळा. दुपारपासून आमची रांग नेहमीच्या सणाच्या रांगेपेक्षा लांब नव्हती. आखूड होती असंही म्हणणार नाही.

कॅशियरची तक्रार वेगळी होती. रोलमधून माल दिसायचा, मांजरपाटातून दिसत नाही. कार्डावर पाव किलो मटार लिहिलंय, आत अर्धा किलो असला तर? दहातल्या एका पिशवीचं एकूण वजन घ्यायचं ठरलं. कार्डावरच्या वजनांची बेरीज अधिक पिशवीचे साठ ग्रॅम. आमचा काटा पाच ग्रॅमच्या टप्प्याने मोजतो, म्हणजे प्रत्येक जिन्नसामागे अडीच ग्रॅम इकडे-तिकडे. आठ जिन्नसांना वीस ग्रॅमचा फरक माफ. दिवसभरात एकच पिशवी जास्त निघाली, आणि त्यात काट्यानंतर कुणीतरी आल्याचा तुकडा टाकला होता. बहुतेक लेकरानं.

तीळ पिशवीत सुटे टाकता येत नाहीत. कागदी पाकिटांचा प्रयोग आधीच फसला होता. पाकिटं चिकटवणाऱ्याने खळीत मोरचूद घातलं होतं, कीड लागू नये म्हणून. वहीच्या बांधणीला ते ठीक आहे, ते विष खाण्याच्या पाकिटाला कसं चालेल? सगळी परत केली. वर्तमानपत्रही नको, शाई मालाला लागते. शेवटी कोऱ्या खाकी कागदाची पुडी. स्टोअरमधल्या एका मामांनी तरुणपणी किराणा दुकानात पुड्या बांधल्या होत्या. पाव किलो तिळाला साधारण फूटभर चौरस कागद, तळाला दुहेरी घडी, कारण तीळ एकेरी घडीतून पाण्यासारखा निसटतो. दोरा आडवा-उभा, शेवटचा फास बोटाला गुंडाळून तोडायचा. त्यांचा वेग बघून पोरं व्हिडिओ काढत होती. पण मामा एकच, आणि दुपारी जेवायला गेले तेव्हा तिळाचा काउंटर बंद ठेवावा लागला.

अकराच्या सुमाराला जे लक्षात आलं त्याने मात्र खरोखर लाज वाटली. पिशव्या विकत घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांकडे पिशवी होती. कुठे? दारात, गार्डच्या कप्प्यात. चोरी होऊ नये म्हणून आम्हीच टोकन देऊन ती काढून घेत होतो.

"पिशवी आणा म्हणता अन् दारातच हिसकावता की वो," एका मावशींनी टोकन नाचवत सुनावलं. काय उत्तर देणार?

तिथल्या तिथे नियम बदलला. भरलेली पिशवी कप्प्यात. रिकामी पिशवी दारात झटकून दाखवायची आणि आत न्यायची. 'पिशवी घेतलीत का?' ही पाटी बिलिंगवरून काढून पार्किंगमध्ये, गाड्या लावतात त्या भिंतीवर लावली. पिशव्या डिकीत असतात, बिलिंगपाशी आठवून उपयोग काय? एकनंतर पिशव्यांची विक्री निम्म्याने उतरली. मालकांना ते फारसं आवडलं नाही, पण बोलले काही नाहीत.

जुडीच्या भाज्यांना काटाच लागत नाही. मेथी, कोथिंबीर यांचे बारकोड एका कागदावर छापून, लॅमिनेट करून प्रत्येक कॅशियरसमोर ठेवले. ओली जुडी कागदात बांधू नये, फाटतेच. पाणी झटकून पिशवीत वर ठेवायची. दही-पनीर कारखान्यातूनच पॅक होऊन येतं, तिथे आमच्या हातात काही नाही. फ्लॉवर मात्र एका व्यापाऱ्याकडून प्लास्टिकमध्ये गुंडाळून आला. त्याला फोन केला, पानांसकट पाठवा म्हणून. पानांनी फ्लॉवर जास्त चांगला टिकतो हे तोही जाणतो.

रात्री साडेदहाला हिशेब लावला. घेवडा सव्वा किलो कमी, पावटा जवळजवळ तेवढाच जास्त. चोरी नव्हे, काट्यावर दोघांचे नंबर शेजारी आणि शेंगा लांबून सारख्या दिसतात. आधी प्रत्येक जिन्नस पिशवीतून समोर यायचा, नीट बघितला जायचा. आता बास्केटमधून मूठ भरून थेट पिशवीत जातो, आणि बोट सवयीने कळ दाबतं. त्या दोन कळांवर मामांनी खाकी कागदाचे तुकडे चिकटवले. एकावर घेवड्याची चपटी शेंग काढली, दुसऱ्यावर पावट्याची फुगीर. पावट्याचं चित्र जरा वालासारखं झालंय. सकाळी काटा सुरू व्हायच्या आधी ते नीट काढून घ्यायचंय, आणि पुठ्ठ्याची आणखी दोनशे कार्डं कापायची आहेत, ५ बाय ७.