बोट लागली ती वरच्या डेकवाल्यांना

डोंबिवलीत आमचं छोटं ट्रॅव्हल्सचं ऑफिस आहे, म्हणजे मी, अकाउंट्सला एक मुलगी आणि मूड असेल तर चालणारा एक प्रिंटर. गेल्या तीनचार वर्षांत क्रूझची बुकिंगं वाढलीत, त्यातही "आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली" वाली जास्त. हे त्यातलंच एक, मे महिन्याच्या शेवटाचं, मुंबई-गोवा-मुंबई, आणि चौदा जणांचा ग्रुप असल्याने मीही सोबत.

काका ७६, काकू ७१, काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. मुलगा बंगलोरला आयटीत. त्याने डेक प्लॅन आधीच डाउनलोड केलेला आणि फोनवर सरळ ऑर्डरच दिली, सगळ्यात वरचा डेक, एकदम पुढची बाजू, बाल्कनी, दोन केबिन शेजारी शेजारी, पैशाचं बघू नका. असं कोणी म्हटलं की आमच्या धंद्यात गप्प बसून बुकिंग मारायचं असतं खरं तर, पण माझ्या तोंडाला कुलूप नाही. मी विचारलं, एसटीच्या शेवटच्या सीटवर बसून कधी घाट उतरलायत का? जहाजाचं पण तसंच, लाट आली की पुढचं टोक वर जातं नि खाली आपटतं, मधला भाग त्यामानाने जागेवर असतो, आणि जितकं वर जाल तितका झोका मोठा. तो म्हणाला पण स्टॅबिलायझर असतात ना. असतात, पाण्याखाली दोन्ही अंगांना पंखांसारखे, पण त्याने डावीउजवीकडे डुलणं कमी होतं, नाळ, म्हणजे पुढचं टोक, वरखाली होते त्याला ते काही करत नाहीत.

मग मुलगा जरा नरमला तर काकाच अडले. दुसऱ्या दिवशी काकूंना घेऊन स्वतः ऑफिसात आले नि म्हणाले, "खाली नको हो. खालचं मला माहितीय." काका मूळचे देवगडचे. लहानपणी कोकण बोटीने मुंबईला यायचे, बोट लांब उभी राहायची, पडावातून तिच्यापर्यंत जायचं, मग वर चढायचं, आणि खालच्या डेकवर मशीनची धग, तेलाचा वास, ट्रंका, कोंबड्या, आणि शेजारच्या बाईला बोट लागली की पाच मिनिटांत सगळ्या रांगेला लागायची. भाऊच्या धक्क्याला उतरेपर्यंत आतडी बाहेर. म्हटलं काका, आता खाली एसी आहे, वास नाही. तर हे बघत राहिले माझ्याकडे. शेवटी मीच उलटा प्रश्न टाकला, होडीत म्हाताऱ्या माणसाला तुम्ही कुठे बसवता? काका हसले. "मधी. नाळीर कोण बसवता म्हाताऱ्याक?" झालं काम.

पण मधली केबिन म्हणजे कुठलीही मधली नव्हे. एक पूर्ण दुपार मी तो डेक प्लॅन घेऊन बसलो होतो. लिफ्टपासून चारपाच दारं अंतर, कारण अगदी समोर घेतली तर रात्रभर बडबड आणि लांब घेतली तर काकूंनी तो लांबच लांब पॅसेज दिवसातून सहा वेळा तुडवायचा. वरच्या मजल्यावर काय येतं, खालच्यावर काय येतं तेही बघायचं, थिएटरच्या वर नको, बुफेच्या खाली नको, पहाटेपासून खुर्च्या सरकवतात. खिडकीसमोर लाइफबोट लटकत नाही ना. इनसाइड केबिन स्वस्त असते, पण दिवा घालवला की मिट्ट काळोख, आणि काका रात्री दोनदा उठतात. बेड जोडलेले न ठेवता वेगळे करायला सांगितलं म्हणजे उठायला दोघांना आपापली वाट. मुलाने स्वतःच्या फॅमिलीसाठी मात्र वरची पुढचीच घेतली. घ्या.

बॅलार्ड पियरहून निघालो तेव्हा समुद्र तसा बरा होता. काका रेलिंगला उभं राहून म्हणाले, मे संपत आला की आमच्याकडे होड्या वर ओढून झापांनी शाकारतात, आणि आपण निघालोय. मी म्हटलं काका, शुभ बोला.

रात्री अडीचला माझा इंटरकॉम वाजला. मुलगा. दोन्ही पोरं ओकतायत, बायकोने आत्ता गोळी घेतली (ती आधी घ्यायची असते, एकदा हलायला लागल्यावर काय उपयोग), काय करू. वर गेलो तर कपाटातले हँगर खणाखण एकमेकांवर आपटत होते, बाल्कनीचं दार कुरकुरत होतं, जमीन पायाखालून सरकून परत वर यायची, लिफ्ट थांबताना येते तशी पोटात कळ, फक्त न संपणारी. पोरांना उचलून खाली काकांकडे नेलं. काकांनी दार उघडलं, टेबलावर अर्धा ग्लास पाणी, त्यात काकूंची कवळी, आणि ते पाणी जेमतेम डचमळत होतं. मलाही इतका फरक पडेल असं वाटलं नव्हतं, खोटं कशाला सांगू.

मी मोठ्या ऐटीत काकूंना विचारलं, झोप लागली ना? त्या म्हणाल्या, कसली झोप, शेजारी एक वाजेपर्यंत अंताक्षरी चाललेली, दाराच्या फटीतून शब्दन् शब्द ऐकू येत होता. दोन केबिनच्या मधलं कनेक्टिंग दार! प्लॅनवर त्याची बारीकशी खूण असते, दुपारभर डोळे फोडून ती माझ्याकडूनच सुटली. आणि बाथरूमचा उंबरा, तोही सांगायचा राहिला, काकांच्या अंगठ्याला ठेच लागून नख निळं. मग गोव्यात मुरगाव बंदरात उतरल्यावर आधी मेडिकल शोधलं, बँडेज घेतलं, आणि त्या उंबऱ्यावर लावायला काकूंनी लाल टिकल्यांचं पाकीट.

मुलाने रिसेप्शनला केबिन बदलून मागितली, जहाज फुल होतं. परतीच्या रात्री नातवंडं आजीच्या दोन बाजूंना, सून काकांच्या बेडवर आणि काका खिडकीजवळच्या खुर्चीत, मजेत, बाहेरच्या काळोखात कुठला दिवा दिसला की देवगडचाच म्हणत होते. वरच्या बाल्कनीत काकूंची साडी वाळत घातलेली, तीसुद्धा स्टाफने येऊन काढायला लावली.