बाबांचा शुगर रिपोर्ट

दिवाळीच्या आदल्या दिवशी कोल्हापूरहून आत्याचा फोन. "अगं, माझं फेसबुक हॅक झालंय. तू तेच करतेस ना?" बघितलं तर हॅक कसलं! कुणीतरी तिचा पैठणीतला फोटो उचलून तिच्याच नावाचं दुसरं खातं उघडलं होतं आणि सगळ्या भावकीकडे पाच-पाच हजार मागत सुटला होता.

मी पुण्यात पेनटेस्टिंग करते, म्हणजे कंपन्यांच्याच सांगण्यावरून त्यांच्या यंत्रणेतल्या फटी शोधते. आधी लेखी परवानगी, कुठल्या सर्व्हरला हात लावायचा याची यादी, मग घुसायचा प्रयत्न. निम्मा वेळ रिपोर्ट लिहिण्यात जातो. आत्याच्या लेखी मात्र मी आणि कॉसमॉस बँक लुटणारे चोर एकाच पंगतीतले. ऑगस्ट २०१८ मध्ये त्या बँकेचे ९४ कोटी गेले. 'याला पैसे देऊ का?' असं एटीएम बँकेला विचारतं, ती विचारणाच चोरांनी मधल्यामधे वळवली, आणि त्यांची बनावट यंत्रणा प्रत्येकाला 'दे' म्हणत राहिली. पण २८ देशांत, आणि आत्याच्या कोल्हापुरातही, नकली कार्डं घेऊन मशीनपुढे उभी राहिलेली माणसं कॉम्प्युटरचे किडे नव्हती. नोटा काढून आणणारे हमाल होते ते.

तर, बाबांचा रिपोर्ट. आम्ही दोघांनी एकाच सकाळी एका लॅबमध्ये रक्त दिलं. संध्याकाळी माझ्या मोबाइलवर लिंक आली. पासवर्ड नाही, ओटीपी नाही, लिंकच्या शेवटी नुसता पावतीचा नंबर. माझा ७ ने संपणारा, बाबांचा ८ ने. त्यांचा मेसेज अजून आला नव्हता. "बघू का?" विचारलं. "बघ की," म्हणाले. ७ खोडून ८ केला. नाव, वय, मोबाइल नंबर, उपाशीपोटी साखर १६८. आदल्या रात्रीच्या श्रीखंडाचा हिशेब लॅबच्या आधी माझ्याकडे.

९ टाकायला हात शिवशिवले, खोटं कशाला बोलू! टाकला नाही. तिथे कुणाची तरी आई असणार.

सकाळी लॅबला फोन केला. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, प्रिंट हवी का?" तिचा काय दोष. मग मालक आले. निम्मं ऐकून म्हणाले, "म्हणजे तुम्ही आमची साइट हॅक केलीत? पोलिसात देऊ का?"

राग आला, पण घामही फुटला. बाबांनी हो म्हटलं होतं, लॅबने नव्हतं. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ४३ मालकाची परवानगी विचारतं. हेतू लबाडीचा ठरला तर कलम ६६: तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. माझा हेतू तसा नव्हता, हे चौकीच्या बाकावर बसून कुणाला पटवत बसू? गुपचूप फोन ठेवला. स्क्रीनशॉटमधली नावं झाकली आणि केंद्र सरकारच्या सर्ट-इनला, म्हणजे सायबर सुरक्षा बघणाऱ्या संस्थेला, ईमेल केला. अशा त्रुटी त्यांना कळवता येतात, हे माझ्या क्षेत्राबाहेर फारसं कुणाला ठाऊक नसतं.

तीनेक आठवड्यांनी लॅबचा मेसेज आला: 'आपल्या सोयीसाठी आमचे पोर्टल अद्ययावत केले आहे.' आता लिंक उघडली की मोबाइलवर ओटीपी येतो.

परवा बाबा चष्मा शोधत होते. "हे ओटीपीचं लचांड कुणी काढलं गं? आधी कसं पटकन उघडायचं!"