तिसरी प्लेट

पुण्याहून आलेल्या मेव्हण्यानं सकाळी सकाळीच मोबाईल पुढं धरला. "दाजी, हे बघा, ४.६. मिसळीला इथंच जाऊ."

मी खालचे शेरे वाचले. एकानं एकच तारा दिला होता: फार तिखट, डोळ्यांतून पाणी आलं. दुसऱ्यानं पाच: पार्किंगला भरपूर जागा. कोल्हापुरात पहिली तक्रार म्हणजे जाहिरात, आणि दुसऱ्याचा मिसळीशी संबंध काय? पण मोबाईल दोघांना एकत्र घुसळून सरासरी काढणार!

तरी गेलो. कट गोडसर होता. ब्रेड तेवढा ताजा.

येताना उद्यमनगर या कारखान्यांच्या भागात काम होतं. ओळखीचे मिस्त्री एका जुन्या लेथचा, म्हणजे धातू कातायच्या यंत्राचा, बेड (लोखंडी पाया) हातानं स्क्रेप करत बसले होते. निळा रंग लावलेली पट्टी बेडवर फिरवायची, जिथं निळं उठेल तो उंचवटा, तेवढाच स्क्रेपरनं खरवडायचा, पुन्हा पट्टी. दिवसच्या दिवस जातात. शेजारच्याच शेडमध्ये संगणकावर चालणारं सीएनसी मशीन घुमत होतं.

मेव्हण्याला राहवेना. "हे मशीनवर ग्राइंड का नाही करत?"

"करतोय की. पण त्या मशीनचा बेड कुणी सरळ केला?" मिस्त्रींनी मान वर न करताच विचारलं. मशीनच्या स्लाइडला बाक असेल तर तो जॉबमध्ये, म्हणजे घासायच्या तुकड्यात, उतरतो. शिवाय ग्राइंडिंगच्या उष्णतेनं जॉब मधोमध फुगतो, फुगलेलं तेवढं ग्राइंडरचा दगड खाऊन टाकतो, आणि गार झाल्यावर तिथं खळगा राहतो.

"मग ही पट्टी सरळ आहे कशावरून?" मेव्हणा सॉफ्टवेअरवाला, सोडतोय होय.

"प्लेटवरनं. म्हणजे मापाचा सपाट लोखंडी पाट. आणि प्लेट करायची तर तीन लागत्यात. दोन प्लेटा एकमेकीला सांभाळून घेत्यात. तिसरी आली की भांडं फुटतं."

व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनिअरनं १८४० साली हेच मांडलं होतं, आणि प्लेटा एमरीच्या भुकटीनं घासू नका, स्क्रेप करा, असंही. दोनच प्लेटा एकमेकींवर जुळवल्या, तर एक किंचित फुगीर आणि दुसरी तेवढीच खोलगट असूनही निळा रंग सगळीकडं सारखा उठतो. दोघीही सपाट असल्याच्या थाटात! तीन प्लेटा आलटूनपालटून सगळ्या जोड्यांनी, आडव्या-उभ्या वळवूनही, जुळायच्या, तर तिन्ही सपाट असण्यावाचून गत्यंतर नाही. सरळ काही हाताशी नसताना सरळ घडवायची ही युक्ती मला अजूनही जादूच वाटते.

म्हणजे ४.६ बघून जाणारा आणि ४.६ बघितलंय म्हणून पाच देणारा, दोघांचं निळं छान उठत असणार. मी हे मेव्हण्याला सांगायला वळलो, तर तो मोबाईलमध्ये डोकं घालून तारे दाबत होता.

"किती दिलेस?"

"चार." जरा ओशाळला. "पार्किंग खरंच चांगलं होतं, दाजी."