धुतलेले पाट

आमच्या चर्चच्या तरुण संघात आठवीपासून बारावीपर्यंतची मुले-मुली आहेत. रविवारची उपासना आटोपली की त्यांतील काही जण वृद्ध सभासदांची औषधे पोहोचवतात, तर काही जण धाकट्यांचा रविवारशाळेचा वर्ग घेतात. ही कामे ती चोख करतात, पण ‘सेवा’ हा शब्द निघाला की मला २०१९ चा ऑगस्ट आणि कोल्हापुरातल्या शाहूपुरीतील कुंभार गल्ली आठवते.

त्या वर्षी पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली आणि पाणी ५५ फुटांच्याही वर चढले. पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला, शहरात दूध आणि पेट्रोल मिळेना. पाणी ओसरल्यावर आमची मुले फावडी, खराटे आणि बादल्या घेऊन गल्लीत गेली. गणेशचतुर्थी दोन-तीन आठवड्यांवर आली होती. भिजून विरघळलेल्या मूर्तींचा लगदा दारोदारी साचला होता, आणि तो उपसताना पोरे नेहमीसारखी बडबडत नव्हती.

एका घरी माळ्यावर गिऱ्हाइकांचे पाट रचून ठेवलेले होते. आपल्याकडे अनेक कुटुंबे मूर्तीसाठी घरचा पाट कुंभाराकडे आधीच देऊन ठेवतात, हे आमच्या मुलांना कुठून ठाऊक असणार? पाणी माळ्यापर्यंत पोहोचले नव्हते, पाटांना फक्त ओल आली होती. मुलांनी कोणालाही न विचारता ते सगळे खाली उतरवले, घासूनपुसून लख्ख केले आणि उन्हात ओळीने मांडले. प्रत्येक पाटाच्या मागे खडूने गिऱ्हाइकाचे नाव लिहिलेले होते. पुराने शिल्लक ठेवलेली ती नावे आम्ही मात्र शिल्लक ठेवली नाहीत. घरातले आजोबा बराच वेळ पाटांकडे पाहत उभे राहिले आणि मग म्हणाले, “पोरांनो, पाटांसंगं माझी गिऱ्हाइकंबी धुतलासा की!”

मुलांना मेल्याहून मेल्यासारखे झाले. चूक माझीही होती, कारण मी त्यांना कामाला लावले होते, पण आधी घरच्यांना विचारा, असे सांगितले नव्हते. पुढचे दोन दिवस मुलांनी आजोबांशेजारी बसून, त्यांना आठवतील तेवढ्या गिऱ्हाइकांना फोन केले आणि कोणाच्या पाटाची कड तुटकी, कोणाचा शिसवी, अशा खुणांवरून एकेक पाट ओळखून काढला.

१८५२ मध्ये अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले आणि १८९४ मध्ये मिशनरी डॉक्टर वॉनलेस यांनी मिरजेत रुग्णालय उघडले, हा इतिहास आमच्या मंडळीत अभिमानाने सांगितला जातो. तो अभिमान मलाही आहे. परंतु त्यामुळे आपण देणारे आणि समोरचा घेणारा, अशी एक सवय आमच्या अंगात नकळत मुरली असावी, असे मला वाटते. काही वडीलधाऱ्यांना त्या वेळी मुलांच्या हाती चर्चच्या नावाचा फलकही हवा होता. मुलांनीच तो नेला नाही. हातात फावडे असताना फलक धरायचा कोणी, हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला, तेव्हा त्याच गल्लीत मुलांनी पहिल्यांदा विचारले, “आजोबा, कशाला हात लावायचा नाही?” आजोबांनी माळ्याकडे बोट दाखवले. त्या पाटांमागे आता ऑइलपेंटने लिहिलेली नावे होती आणि त्यांतली निम्मी अक्षरे आमच्याच मुलांची होती.