कोल्हापूर, एक दिवस आणि साजाची २१ पानं

काल पहाटेच्या गाडीने पुण्याहून कोल्हापूर गाठलं, दागिन्यांच्या नवीन कलेक्शनचं डोक्यात काहीच येत नव्हतं म्हणून, आणि रात्री परत आले ते वही भरूनच.

आधी अंबाबाईचं दर्शन. देवळाच्या बाहेरच्या काळ्या दगडी भिंतीला इतके कोन आहेत की उन्हात अर्धी उजळलेली अर्धी सावलीत दिसते, तिथेच बसून कानातल्यांची तीन स्केचेस काढली. मग टाऊन हॉल म्युझियम, ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळालेला ब्राँझचा छोटासा पोसायडन बघायलाच हवा होता! ग्रीकांचा समुद्रदेव पंचगंगेच्या काठी, अंगावर काटाच आला.

पण खरा वेळ गेला गुजरीत, म्हणजे सराफांच्या बाजारात. एका काकांनी जुना कोल्हापुरी साज हातात दिला आणि त्यातलं एकेक पान, म्हणजे छोटं पदक, बोटाने फिरवून दाखवलं, दहा दशावतारांची, आठ अष्टमंगलाची, एक माणिक, एक पाचू आणि एक ताईत, अशी २१. मधेमधे जावमणी, म्हणजे सोन्याचे गोल मणी. मासा नखाएवढा, तरी खवले मोजता येत होते. आत लाख असते आणि वर सोन्याचा पातळ पत्रा, म्हणून एवढा भरीव दिसूनही हलका. मी म्हटलं, "काका, हे चांदीत करून बघू का?" तर म्हणाले, "कर की पोरी, पण पानांचा क्रम मोडू नकोस."

येताना चपलेच्या दुकानात वेणीचं विणकाम बघितलं, त्याची साखळी करायचीय. आज सकाळीच मत्स्याचं पान मेणात कोरायला घेतलंय.