कुंड्यांची पावसाळी नोंद : आगोटीपासून आश्लेषापर्यंत

मागील दारच्या अंगणात, शहाबादी फरशीवर, माझ्या बेचाळीस कुंड्या आहेत. रत्नागिरीत वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो, त्यामुळे आठ-आठ दिवस न थांबणारी झड येथे कुणालाच नवी नाही. तरीही गेल्या पावसाळ्यात माझी चार अडेनियम (फुगीर गड्ड्याचे वाळवंटी गुलाब), एक जरबेरा आणि सहा वर्षे जपलेला देशी गुलाब गेला. गुलाब उघड्यावर होता. अडेनियम मात्र पत्र्याखाली असूनही कुजली, आणि याचा उलगडा मला बरेच दिवस होत नव्हता.

मे महिन्याच्या अखेरीस त्या कुंड्या रिकाम्या करताना कारण हाताला लागले. वरची चार बोटे माती भुसभुशीत होती, तळाशी मात्र काळपट, आंबूस वासाचा चिकट थर बसला होता. जरबेऱ्याच्या मुळाची साल चिमटीत धरून ओढली तर ती अलगद निघून आली आणि आत केवळ दोऱ्याएवढा गाभा उरला. साचलेल्या पाण्यात मुळांना हवा मिळत नाही, कारण ऑक्सिजन पाण्यातून हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. गुदमरलेल्या मुळांवर मग पिथियम, फायटोप्थोरा यांसारखे रोगकारक सहज चढतात. पत्र्याने वरचा पाऊस अडवला होता, पण नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर आत येणारी झड अडवली नव्हती, आणि एकदा भिजलेला तळ त्या दमट हवेत सुकण्याची शक्यताच नव्हती.

येथे एका जुन्या समजुतीबद्दल स्पष्ट लिहिले पाहिजे, कारण ती मीही वर्षानुवर्षे पाळली. कुंडीच्या तळाशी खापऱ्यांचा किंवा खडीचा थर दिला की निचरा चांगला होतो, असे आपण सांगत आलो आहोत. प्रत्यक्षात बारीक मातीतील पाणी ती माती पुरेपूर भिजेपर्यंत खालच्या भरड थरात उतरत नाही, आणि तळाशी पाणी धरून राहणारा ओला पट्टा तेवढाच वर, मुळांच्या अधिक जवळ, सरकतो. अंघोळीचा स्पंज भिजवून आडवा धरावा, थेंब गळायचे थांबू द्यावेत आणि मग तो उभा करावा. पुन्हा पाणी गळू लागते; कुंडीचेही तसेच, उंची जास्त तितके अधिक पाणी निथळते. ओल्या पट्ट्याची उंची मिश्रणाच्या कणांवर ठरते, कुंडीच्या खोलीवर ठरत नाही, म्हणून उथळ कुंडीत मुळांच्या वाट्याला कोरडी जागा फारच थोडी येते.

त्यामुळे यंदा मी खापऱ्यांचा थर पूर्णपणे काढून टाकला. छिद्रातून माती वाहून जाऊ नये म्हणून नायलॉनच्या जाळीचा एक तुकडा पुरतो. अडेनियम आणि निवडुंगांसाठी दोन भाग मटारएवढी जांभ्याची खडी, एक भाग विटांचा चुरा आणि एक भाग चाळलेले कंपोस्ट असे मिश्रण केले. चुरा चाळून त्यातील भुकटी काढणे कंटाळवाणे असले तरी टाळू नये, कारण तीच भुकटी खडीमधल्या फटी बुजवते. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, या कुंड्यांत मुळीच घातले नाही. ज्यांची माती आता बदलता येण्यासारखी नव्हती, अशा सात मोठ्या कुंड्यांच्या छिद्रातून विणलेली नायलॉनची दोरी चार बोटे आत सरकवून तिचे टोक खाली लोंबते सोडले आहे. पहिल्या सरीनंतर तासाभराने सातपैकी पाच दोऱ्यांच्या टोकांवरून थेंब पडत होते.

मृगाच्या तोंडावर सर्व कुंड्या अर्ध्या विटांवर चढवल्या. सपाट फरशीवर टेकलेल्या कुंडीचे छिद्र फरशीनेच बंद होते, ही गोष्ट वरून पाहताना लक्षात येत नाही. कुंड्यांखालच्या ताटल्या काढून ठेवल्या. त्यांत साचलेले पाणी मुळांना जितके घातक, तितकेच डासांना सोयीचे असते. पागोळ्यांच्या रेषेत असलेल्या तीन कुंड्या हातभर मागे घेतल्या, कारण पागोळ्यांची धार एकाच जागी पडून माती खणते आणि उडालेला चिखल खालच्या पानांवर रोग नेऊन बसवतो. उरलेल्या कुंड्यांत मातीवर नारळाच्या सोडणांचे तुकडे अंथरले आहेत, मात्र खोडाभोवती दोन बोटे जागा मोकळी ठेवून.

आर्द्रा लागताच पश्चिमेच्या बाजूला, आमच्याकडे पडवीला बांधतात तसे, नारळाचे झाप बांधले. वर २०० मायक्रॉनचा पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद उतरता ताणला आहे आणि उरलेल्या दोन बाजू मुद्दाम उघड्या ठेवल्या आहेत. गेल्या वर्षी मी काही कुंड्यांची तोंडे खोडाभोवती प्लॅस्टिक गुंडाळून बंद केली होती; आत वाफ कोंडली आणि खोडाच्या बुंध्याशी कुज सुरू झाली. हिरवी शेडनेट पाऊस अडवत नाही, प्रकाश मात्र कमी करते, म्हणून ती ऑक्टोबरपर्यंत गुंडाळून ठेवावी.

पुनर्वसूत सलग नऊ दिवस पाऊस लागला. सहाव्या दिवशी जास्वंदीची खालची पाने पिवळी पडली. हे कुजीचे लक्षण समजून मी कुंडी उपसणार होतो, पण शेंडा ताठ होता आणि मुळे पांढरी होती. संततधारेने नत्र धुऊन गेले होते, एवढेच. उघडीप मिळताच नेहमीच्या निम्म्या मात्रेत द्रवखत दिले आणि दोन आठवड्यांत नवी पाने गडद आली. माती ओली असतानाही शेंडा मान टाकत असेल तर मात्र मुळे गेली आहेत असे समजावे, आणि तहान समजून पाणी तर मुळीच घालू नये.

पुष्यात गुलाबावर काळे ठिपके आले. सुपारीच्या कोळे रोगावर वापरतात तेच एक टक्का बोर्डो मिश्रण घरापुरते केले : १० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि १० ग्रॅम चुना प्लॅस्टिकच्या भांड्यांत वेगवेगळा भिजवून, दोन्ही एकत्र करून एक लिटर. फवारणीपूर्वी त्यात चाकूचे लोखंडी पाते मिनिटभर बुडवून पाहावे. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे. तुळस आणि पुदिन्याकडे हे मिश्रण जाऊ देऊ नये. गोगलगायी रात्री नऊनंतर बॅटरीच्या उजेडात वेचून मिठाच्या पाण्यात टाकतो. एका रात्रीत सर्वाधिक एकतीस सापडल्या, आणि त्यांतील बहुतेक विटांच्या खालच्या ओल्या बाजूला चिकटलेल्या होत्या.

आज आश्लेषाचा चौथा दिवस. सातही अडेनियमचे गड्डे रोज सकाळी अंगठ्याने दाबून पाहतो. सहा टणक आहेत. सातव्याच्या एका बाजूला रुपयाएवढा भाग मऊ लागला, म्हणून काल तो पांढरा, कोरडा गर दिसेपर्यंत कापून काढला, कापावर बुरशीनाशकाची पूड लावली आणि झाड मातीविना स्वयंपाकघराच्या फडताळावर आडवे ठेवले आहे. जखम पूर्ण वाळल्याशिवाय ते पुन्हा लावणार नाही. त्याला आठवडा लागो की दोन.