रिठा-शिकेकाईची नोंद: भुकटी बंद, काढा चालू

मंडळी, मी शाम्पूऐवजी रिठा-शिकेकाईनं केस धुते. मागच्या वेळी लिहिलं तेव्हा त्यांच्या भुकटीचा लेप चालू होता. तो आता पूर्ण बंद केलाय आणि गाळलेल्या काढ्यावर मी स्थिरावले आहे. केस छान आहेत, टाळू शांत आहे. एवढ्या दिवसांत एक गोष्ट मनात पक्की झाली: कोणती वनस्पती घेतली यापेक्षा तिच्यातलं पाण्यात काय उतरलं आणि केसांत काय उरलं, यावर सगळं ठरतं.

भुकटी का सोडली ते सविस्तर सांगते, कारण बहुतेकजण इथेच कंटाळून शाम्पूकडे परततात. धुताना केस मोकळे वाटायचे, पण वाळले की रुक्ष दिसायचे आणि टाळूला बारीक खाज सुटायची. म्हणून वाळलेल्या केसांतून बारीक दातांची फणी फिरवली आणि ती भिंगाखाली धरली. दातांच्या बेचक्यांत तपकिरी कण अडकलेले, काहींना कुसळासारखे तंतू. शेंगेच्या सालीचा हा चोथा कितीही पाणी ओतलं तरी विरघळत नाही. मळ आणि तेल काढण्याचं काम करतं ते सॅपोनिन, आणि ते पाण्यात सहज उतरतं. मग चोथा डोक्यावर घ्यायचाच कशाला?

आताची कृती अशी. रिठ्याच्या बिया काढून टाकायच्या, फक्त टरफलं घ्यायची. पाच-सहा टरफलं आणि त्याच्या साधारण दुप्पट शिकेकाईच्या शेंगा, मोडून, अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालायच्या. सकाळी मंद आचेवर पंधरा मिनिटं उकळायचं. भांडं स्टीलचंच हवं, कारण शिकेकाईतल्या टॅनिनची, म्हणजे तुरट द्रव्याची, लोखंडाशी गाठ पडली की काढा काळा होतो. पातेलं मोठं घ्या, फेस भराभर वर येतो. गार झालं की टरफलं हातानं कुस्करून सुती कापडातून गाळायचं. कापड पिळायचा मोह आवरा, पिळलं की बारीक गाळ खाली उतरतो. गाळलेलं पाणी तासभर तसंच ठेवून वरची निवळ तेवढी ओतून घ्यायची, तळाचा गाळ टाकून द्यायचा. ही निवळ म्हणजेच आपला शाम्पू. चहापेक्षा थोडी दाट, बाटलीत हलवली की पांढरा फेस धरते.

वापरताना केस आधी साध्या पाण्यानं पूर्ण ओले करते. काढा अगदी पातळ असतो, त्यामुळे लांब नळीच्या बाटलीतून भांग पाडत थेट टाळूवर सोडते, बोटांच्या पेरांनी चोळते, दोन-तीन मिनिटं थांबते आणि भरपूर पाण्यानं धुते. डोळे घट्ट मिटा. रिठ्याचं पाणी डोळ्यांत गेलं तर चांगलंच झोंबतं. पहिल्यांदाच वापरणाऱ्यांनी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस वाट पाहावी. वनस्पतीची ॲलर्जीही ॲलर्जीच असते.

फेसाबद्दल नव्यांना थोडं. शाम्पूतल्या सल्फेटसारखा दाट, टिकणारा फेस इथे येत नाही. आला तरी झटकन बसतो. फेस कमी म्हणून काढा दाट करत गेलं की रिठा जास्त होतो आणि केस करकरीत कोरडे पडतात. रिठा मळ काढण्यात जोरकस, शिकेकाई सौम्य. म्हणून एरवी शिकेकाई जास्त, आणि केसांना तेल लावलं असेल तेव्हा प्रमाण उलटं करून दोनदा धुते. एरंडेल तेल मात्र दोन वेळातही निघत नाही. ते लावणं मी थांबवलंय.

‘डोक्याला सवय झाली की तेल कमी सुटतं’ हे शाम्पू सोडलेल्या आपल्या मंडळींत फार ऐकू येतं. मला ते पटत नाही. टाळूच्या तैलग्रंथी मुख्यतः हार्मोनच्या तालावर चालतात, वरून काय लावलं यानं त्या आपला वेग बदलत नाहीत. सुरुवातीच्या आठवड्यांत केस मेणचट होतात ते बहुतेकदा धुणं अर्धवट झाल्यामुळे. तेव्हा ‘संक्रमणकाळ’ म्हणून महिनोन्महिने चिकट केस सोसत बसू नका. प्रमाण बदला, नीट चोळा, जास्त पाणी वापरा.

खाण्याच्या सोड्यानं केस धुण्याला माझा स्पष्ट विरोध आहे. त्याच्या द्रावणाचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप; ७ च्या खाली आम्ल, वर अल्कली) ८ च्या वर जातो, टाळूचा साधारण ५.५ असतो. अल्कलीनं केसावरचे खवले उचकटतात, केस गुंततात आणि तुटतात. माझ्या काढ्यात पीएचची पट्टी बुडवली तर ती ५ च्या आसपास रंग दाखवते. त्यामुळे मागाहून व्हिनेगरचं पाणी घ्यायची गरज मला उरली नाही. क्षार जास्त असलेल्या पाण्यात साध्या साबणानं केस धुणाऱ्यांना मात्र ते उपयोगी पडतं, कारण साबण कॅल्शियमशी जुळून केसांवर चिकट थर बसवतो. ५ टक्क्यांचं व्हिनेगर अर्धा लिटर पाण्यात एक मोठा चमचा, त्याहून जास्त नको.

साठवणीचा प्रश्नही सुटलाय. बाहेर ठेवलेला काढा लवकर आंबतो, वास बदलतो, झाकण उघडताना फस्स आवाज येतो. असा काढा सरळ ओतून द्यायचा. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस, त्यापुढचा बर्फाच्या साच्यात गोठवून. आदल्या रात्री हवे तेवढे तुकडे वितळायला काढले की झालं, फेस जवळजवळ ताज्यासारखाच येतो.

सध्या जास्वंदीच्या पानांवर काम चालू आहे. पानं पाण्यात चुरडली की बुळबुळीत चीक सुटतो आणि तो काढ्यात मिसळला की ओल्या केसांतला गुंता फार सहज सुटतो. अडचण एकच: हा चीक कापडातून उतरता उतरत नाही आणि गरम काढ्यात घातला तर पानांचा हिरवा लगदाही सोबत येतो. आता पानं वेगळी, गार पाण्यात चुरडून आधी स्टीलच्या चाळणीतून आणि मग विरळ विणीच्या कापडातून गाळून पाहणार आहे. कुणी जास्वंदीऐवजी जवसाचा चीक वापरत असेल तर गाळायला काय घेता, ते जरूर लिहा.